वाचक विचारतात : ‘मेल येऊन राहिले ना, मग झालं!’

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं ऑफिसातल्या मेलबद्दल आहेत. मी नागपुरात बावीस वर्षं लहान ऑफिसांची नेटवर्कं सांभाळते, इतवारीतल्या गाळ्यापासून बुटीबोरीच्या कारखान्यापर्यंत. त्यामुळे पत्र वाचतानाच ती खोली, खिडकीतला कुलर आणि टेबलाखालचा वायरींचा गुंता डोळ्यांपुढे येतो. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण थोड्याफार फरकानं बाकीच्यांचीही आहे.

*ताई, मी वाडीला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात अकाउंट्स बघते. आमच्याकडे सात कॉम्प्युटर आहेत, सगळ्यांवर मेल बघायला थंडरबर्ड हे सॉफ्टवेअर. मेल आमच्या स्वतःच्या डोमेनचे. मागच्या महिन्यात दोन कॉम्प्युटरवर मेल उघडला की एक चौकट यायला लागली. सर्टिफिकेटबद्दल काहीतरी मजकूर आणि खाली ‘कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन’ असं बटण. माझ्या कॉम्प्युटरवर त्यात ‘आउटडेटेड इन्फर्मेशन’ लिहिलेलं होतं, बिल्टी बनवणाऱ्या दादांच्या कॉम्प्युटरवर ‘अननोन आयडेंटिटी’. दुरुस्तीला आलेल्या मुलानं दोन्हीकडे ‘कनेक्शन सिक्युरिटी’त ‘नन’ निवडलं, पोर्ट १४३ आणि २५ टाकले आणि गेला. चौकट बंद झाली, मेलही यायला लागले, पण आम्हा दोघांचे मेल आता बाहेर जात नाहीत. मालक म्हणतात, ‘मेल येऊन राहिले ना, मग झालं! पाठवायचं असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पाठवा.’ मला मात्र धाकधूक वाटून राहिली. माझी भीती उगाच आहे का? आणि हो, माझ्या कॉम्प्युटरची तारीख रोज सकाळी चुकलेली असते. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?*
— एक वाचक, वाडी

ताई, तुमची भीती रास्त आहे. तारखेचा संबंधही आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही अर्धं उत्तर स्वतःच लिहून पाठवलं आहे.

आधी त्या ‘नन’बद्दल. ‘कनेक्शन सिक्युरिटी’ म्हणजे तुमचा कॉम्प्युटर आणि मेल सर्व्हर यांच्यातलं बोलणं बंद पाकिटातून जाणार की पोस्टकार्डावरून, याची निवड. ‘नन’ केलं की पोस्टकार्ड. त्यावर नुसता मेलचा मजकूर नसतो, तुमचा पासवर्डही असतो. थंडरबर्ड दर दहा मिनिटांनी मेल तपासत असेल तर दिवसभरात तो पासवर्ड किती वेळा उघड्यावरून जातो, तुम्हीच हिशेब करा.

काही वर्षांपूर्वी रामदासपेठेत एका सीएंच्या ऑफिसात हीच सेटिंग सापडली. त्यांनाही मालकांसारखंच वाटत होतं, मेल चालू आहेत तर बिघडलं काय? मी त्यांची परवानगी घेतली, त्यांच्याच लॅपटॉपवर वायरशार्क हे नेटवर्कवरून जाणारं बोलणं दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर सुरू केलं आणि म्हटलं, आता मेल तपासा. पडद्यावरून ओळी धावल्या. एका ओळीत अर्थ न लागणारी तीसेक अक्षरं होती आणि शेवटी बरोबरचं चिन्ह. ते म्हणाले, ‘हे तर कोडमध्ये आहे.’ पण त्याला बेस-६४ म्हणतात आणि ते गुपित नव्हे. मोडीतला कागद मोडी न येणाऱ्याला गूढ वाटतो, येणारा तो सरळ वाचतो, तसंच ते. ती अक्षरं मी उलटवून दाखवली. त्यांचा मेल आयडी आणि त्यापुढे पासवर्ड : मुलीचं नाव आणि तिचं जन्मवर्ष. ते काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, आधी हे बंद करा.

तुमच्या ऑफिसचा विचार करा. ट्रान्सपोर्ट ऑफिसात दिवसभर ड्रायव्हर येतात, पार्टीची माणसं येतात, चहा येतो. वायफायचा पासवर्ड बहुधा भिंतीवर लिहिलेला असतो. सीसीटीव्हीची पेटी त्याच राउटरला जोडलेली असते. येणाऱ्या प्रत्येकावर संशय घ्या असं मी म्हणत नाही, ती माणसं कष्टाची आहेत. पण त्यांच्यापैकी एखाद्याच्या फोनमध्ये नकळत शिरलेलं वाईट ॲप तुमच्याच नेटवर्कवर येऊन बसतं. दुसऱ्या कॉम्प्युटरचं बोलणं ऐकायला त्याला थोडी खटपट करावी लागते, पण त्यासाठीची तयार साधनं सहज मिळतात. ऑफिसच्या बाहेरही सर्व्हरपर्यंतचा सगळा रस्ता उघडाच आहे.

आता दोन कॉम्प्युटरचे दोन वेगळे आजार. त्या मुलानं दोघांना एकच औषध दिलं. त्याला दिवसभरात आणखी चार ठिकाणी जायचं असेल, हे मी समजू शकते. पण त्या चौकटीत काय लिहिलं आहे ते वाचायला हवं होतं. थंडरबर्ड तीनच प्रकारच्या तक्रारी करतो आणि प्रत्येकीचं मूळ वेगळं असतं.

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. ‘आउटडेटेड इन्फर्मेशन’ म्हणजे त्याची मुदत आजच्या तारखेला बसत नाही. सर्व्हरचं सर्टिफिकेट खरंच संपलं असतं, तर सातही कॉम्प्युटरवर चौकट आली असती. एकट्या तुमच्याकडे आली, म्हणजे सर्टिफिकेट नाही, तुमचं ‘आज’ चुकलेलं आहे. हल्ली खूप ठिकाणी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत सर्टिफिकेट असतं आणि त्याची मुदत ९० दिवसांची. तारीख चार-सहा महिने मागे गेली, तरी कॉम्प्युटरला वाटतं की हे सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही.

आणि तारीख रोज सकाळीच का चुकते? तुमच्याकडे रात्री जाताना मेन स्विच बंद करत असतील. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवायला मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. बटणानं बंद केलेल्या कॉम्प्युटरलाही भिंतीवरच्या बोर्डावरून थोडी वीज मिळत राहते, म्हणून संपत आलेला सेल दिवसा कळून येत नाही. मेन स्विच पडला की घड्याळ पूर्ण त्या सेलवर येतं, आणि सेलात जीव नसला की तारीख थेट तो मदरबोर्ड बनला त्या सुमारास जाऊन पोहोचते. सीताबर्डीत कुठल्याही कॉम्प्युटरच्या किंवा घड्याळाच्या दुकानात एका तर्री-पोह्याच्या प्लेटीच्या पैशात हा सेल मिळतो. कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढा, बाजूचं झाकण उघडा, सेलच्या कडेची छोटी पट्टी नखानं दाबा की तो वर येतो. अधिकचं चिन्ह असलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. मग तारीख लावून विंडोजमध्ये ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करा. नवतपात वीज वारंवार गेली की अशा तक्रारी माझ्याकडे एकदम वाढतात, आणि त्यातल्या बऱ्याच या सेलपाशीच संपतात.

दादांच्या कॉम्प्युटरवरचं ‘अननोन आयडेंटिटी’ जास्त गंभीरपणे घ्यायचं. त्याचा अर्थ असा की हे सर्टिफिकेट ओळखीच्या कुणी दिलेलं नाही. चौकटीतच ‘व्ह्यू सर्टिफिकेट’ आहे, ते दाबा आणि ‘इश्युअर’समोर कुणाचं नाव आहे ते वाचा. तिथं तुमच्या अँटिव्हायरसचं नाव निघेल असा माझा अंदाज आहे. त्या कॉम्प्युटरवर हल्लीच नवा अँटिव्हायरस टाकला होता का, किंवा जुन्याचं नूतनीकरण झालं होतं का, ते दादांना विचारा. बंद पाकिटातला मेल तपासायला काही अँटिव्हायरस मधे उभे राहतात, पाकीट उघडतात, वाचतात आणि स्वतःचा शिक्का मारून पुढे देतात. तो शिक्का ते विंडोजच्या यादीत नोंदवतात. थंडरबर्डची विश्वासाची यादी मात्र स्वतःची वेगळी असते. तिथं तो शिक्का नसला की थंडरबर्ड म्हणतो, मी याला ओळखत नाही. तो बरोबरच बोलतो आहे.

असं असेल तर अँटिव्हायरस पूर्ण बंद करू नका. त्याच्या सेटिंगमध्ये मेलचं एसएसएल (हेच ते बंद पाकीट) तपासण्याची एक वेगळी खूण असते, तेवढीच काढा. मेलसोबतची फाइल तुम्ही उघडाल किंवा जतन कराल तेव्हा अँटिव्हायरस ती तरीही तपासतोच.

पण इश्युअरच्या जागी अँटिव्हायरसचंही नाव नसेल आणि ओळखीच्या संस्थेचंही नसेल, तर तिथंच थांबा. पासवर्ड टाकू नका. दादांचा कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि पुन्हा मेल उघडा. चौकट नाहीशी झाली तर दोष ऑफिसच्या राउटरमध्ये किंवा फायरवॉलमध्ये आहे, राहिली तर कॉम्प्युटरमध्ये. आणखी खात्री करायची असेल तर त्याच सर्टिफिकेटच्या पानावर ‘एसएचए-२५६’ ठसा, म्हणजे त्या सर्टिफिकेटची ओळख पटवणारी लांब अक्षरमाळ असते. चांगल्या चालणाऱ्या पाचांपैकी एका कॉम्प्युटरवरचा ठसा शेजारी ठेवून पहिली आणि शेवटची आठ-आठ अक्षरं जुळवा. सर्व्हर एकच आणि ठसे दोन, म्हणजे मधे कुणीतरी आहे.

तिसरी तक्रार तुमच्याकडे आलेली नाही, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते : ‘राँग साइट’. सर्टिफिकेट एका नावाचं आणि सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव दुसरंच. होस्टिंग (मेलचा सर्व्हर भाड्यानं देणारी कंपनी) बदललं की हे हमखास होतं. होस्टिंगवाल्यांकडून सर्व्हरचं सर्टिफिकेटवरचं नेमकं नाव विचारून घ्या आणि तेच सेटिंगमध्ये टाका.

आता मेल बाहेर का जात नाहीत? पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर. पोर्ट २५ हे एका मेल सर्व्हरनं दुसऱ्या सर्व्हरशी बोलण्यासाठी आहे. स्पॅम पाठवणारे त्याचा फार गैरवापर करतात, म्हणून इंटरनेट देणाऱ्या बऱ्याच कंपन्या ग्राहकांकडून जाणारं पोर्ट २५ अडवतात. ऑफिसच्या कॉम्प्युटरनं मेल पाठवायला ५८७ किंवा ४६५ वापरायचं. ५८७ सोबत ‘स्टार्टटीएलएस’, ४६५ सोबत ‘एसएसएल/टीएलएस’. यांची अदलाबदल केली की थंडरबर्ड नुसताच फिरत राहतो आणि शेवटी ‘टाइम आउट’ म्हणतो. ४६५ मध्यंतरी अधिकृत यादीतून काढलेलं होतं, म्हणून जुनी मंडळी ते टाळायला सांगतात. २०१८ पासून ते रीतसर परत आलेलं आहे, बिनधास्त वापरा. मेल घेण्यासाठी १४३ ऐवजी ९९३ आणि ‘एसएसएल/टीएलएस’.

हे आकडे माझ्या पत्रातून उतरवायच्या आधी तुमच्याच ऑफिसातल्या चांगल्या चालणाऱ्या एखाद्या कॉम्प्युटरसमोर बसा. ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये ‘सर्व्हर सेटिंग्ज’ उघडा, आणि डावीकडच्या यादीत अगदी तळाला ‘आउटगोइंग सर्व्हर’ आहे तेही उघडा. मोबाइलवर दोन्हींचा फोटो काढा आणि आपल्या कॉम्प्युटरवर तसंच्या तसं भरा.

तिथं एक गोष्ट तुम्हाला खटकेल, ती आधीच सांगून ठेवते. ‘ऑथेंटिकेशन मेथड’मध्ये ‘नॉर्मल पासवर्ड’ आणि ‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ असे दोन पर्याय दिसतात. कुणालाही वाटतं की ‘एन्क्रिप्टेड’ जास्त सुरक्षित. मग ते निवडलं जातं, मेल अडतो, आणि वैतागून माणूस पुन्हा ‘नन’वर जातो. पण वरती ‘एसएसएल/टीएलएस’ असेल तर अख्खं पाकीट आधीच बंद आहे, आत ‘नॉर्मल पासवर्ड’ ठेवायला काहीच हरकत नाही. बहुतेक होस्टिंगवर तोच लागतो. ‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ ही जुन्या काळातली वेगळी पद्धत आहे आणि पुष्कळ सर्व्हर ती देतच नाहीत.

सगळं नीट झालं की दोन कामं राहतात. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘मॅनेज सर्टिफिकेट्स’ उघडून ‘सर्व्हर्स’मध्ये कुणी जुनी ‘एक्सेप्शन’ ठेवली असेल तर ती काढून टाका. आणि तुम्हा दोघांचे मेलचे पासवर्ड बदला. महिनाभर ते उघड्यावरून फिरले आहेत, ते आता जुनेच समजायचे. मालकांना हे पत्र वाचून दाखवा. गाडी निघताना ते ताडपत्रीची दोरी स्वतः ओढून बघत असतील, ही त्याच जातीची काळजी आहे.

*कळमन्यात आमची अडत आहे. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आणि आउटलुक २०१०. होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर अपग्रेड केल्यापासून मेल बंद. ‘तुम्ही निवडलेला एन्क्रिप्शनचा प्रकार सर्व्हरला चालत नाही, दुसरा निवडून बघा’ अशा अर्थाचं काहीतरी येतं. दुसरा कोणता निवडू?*
— एक वाचक, कळमना

काका, कुठलाच निवडू नका. ती सूचना माणसाला थेट ‘नन’कडे घेऊन जाते आणि अनेकांचा घात तिथंच होतो. तुमचा कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांची भाषा जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बंद पाकिटाची ही पद्धत टीएलएस नावानं १९९९ साली आली, २००६ मध्ये तिची १.१ ही आवृत्ती, २००८ मध्ये १.२ आणि २०१८ मध्ये १.३. पहिल्या दोन आवृत्त्यांमधल्या कमजोऱ्या उघड झाल्यावर मार्च २०२१ मध्ये त्या अधिकृतपणे बाद केल्या गेल्या. नव्या सर्व्हरनं त्या बंद केल्या, हे त्यांनी योग्यच केलं. विंडोज ७ ला १.२ येतं, पण तुमच्या आउटलुकसाठी ते आपोआप चालू नसतं. मायक्रोसॉफ्टचं एक अपडेट आणि रजिस्ट्रीतला एक बदल करून ते चालू करता येतं.

मी तुम्हाला ते करायला सांगत नाही. विंडोज ७ चे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. त्या कॉम्प्युटरवर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या आणि बँकेचे व्यवहार आहेत. उद्यापासून मेल ब्राउझरमधून वेबमेलवर दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर बघा, आणि संत्र्याचा हंगाम लागायच्या आधी कॉम्प्युटर बदला. घेताना विंडोज ११ चालणारा घ्या, कारण विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जुन्या आउटलुकमधले मेल ज्या फाइलमध्ये आहेत, तिच्या नावाचा शेवट ‘पीएसटी’ असतो. ती फाइल आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा. हे काम विसरलं की वर्षांचा पत्रव्यवहार जातो, मी तसं झालेलं पाहिलं आहे.

*पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, ब्राउझरमध्ये जीमेल उघडतं, पण थंडरबर्ड तोच पासवर्ड घेत नाही. काय करू?*
— एक वाचक, धरमपेठ

गुगलनं नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत येऊ देणं वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केलं. ‘ऑथेंटिकेशन मेथड’मध्ये ‘ओऑथ२’ निवडा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या अशा दोन्ही सर्व्हरसाठी. जुना पासवर्ड थंडरबर्डच्या ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’मधून काढा आणि पुन्हा सुरू करा. गुगलची खिडकी उघडेल, तिथं एकदा आत शिरलात की झालं. ती खिडकी कोरी राहिली किंवा फिरत राहिली, तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेप्ट कुकीज’ची खूण आहे का बघा. या एका खुणेपायी मी स्वतः एकदा सदरमध्ये दीड तास घालवला आहे.

*आमच्या वकिली ऑफिसातलं स्कॅनर-प्रिंटर आधी कागद स्कॅन करून थेट मेल करायचं. आता ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणतं. मशीन दहा वर्षांचं आहे, पण छपाई उत्तम आहे. टाकून द्यावं लागेल का?*
— एक वाचक, सिव्हिल लाइन्स

नाही. आधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं नवं फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, आहे का ते बघा. त्यात टीएलएस १.२ आलं असेल तर प्रश्न सुटतो. मशीन जीमेलमधून पाठवत असेल तर त्याला तुमचा नेहमीचा पासवर्ड न देता १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ द्या. तो मिळायला खात्यावर ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू लागतं. आणि मशीनसाठी मेल आयडी वेगळाच काढा. अशिलांचा पत्रव्यवहार ज्या खात्यात आहे, त्याचा पासवर्ड प्रिंटरच्या पोटात ठेवू नये. दुरुस्तीला किंवा भंगारात मशीन गेलं की तो सोबत जातो.

फर्मवेअर नसेल तर स्कॅन केलेले कागद पेनड्राइव्हवर घ्या. कुणी तुम्हाला ‘फोल्डरमध्ये स्कॅन करा, त्यासाठी विंडोजमध्ये एसएमबी १ चालू करा’ असं सुचवेल. ते करू नका. एसएमबी १ ही फाइल शेअर करण्याची जुनी पद्धत आहे, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो त्याच दारातून.

*हिंगणा एमआयडीसीत माझं पॅकेजिंगचं छोटं युनिट आहे. कच्चा माल देणाऱ्या पार्टीकडून मेल आला. आमच्याच जुन्या मेलला उत्तर, खाली मागचा सगळा मजकूर, बिल नंबरही बरोबर. फक्त ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असं लिहून नवा नंबर दिला होता. मी पैसे भरले. आठ दिवसांनी पार्टीचाच फोन आला, पैसे कधी देता? ताई, झोप लागत नाही. यात माझ्या मेलच्या सेटिंगचा दोष आहे का?*
— एक वाचक, हिंगणा

दादा, तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता. इथं लिहिते आहे ते बाकीच्यांसाठी, तुमच्या परवानगीनं.

असं काही झालं तर पहिला फोन १९३० ला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. चोराच्या खात्यातून पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते रोखून धरता येतात, म्हणून तिथं तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. मग आपल्या बँकेला, आणि लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर. कंपन्यांनी असे प्रकार सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावेत, असा २८ एप्रिल २०२२ चा निर्देशही आहे. लाजेनं किंवा भागीदार काय म्हणेल या भीतीनं लोक दोन-दोन दिवस गप्प बसतात. चोराला हवे असतात तेच ते दोन दिवस. आणि तो मेल पुसू नका. त्याच्या हेडरमध्ये तो कुठून निघाला याच्या खुणा असतात, म्हणून मूळ मेलच जपून ठेवा. फॉरवर्ड केलेल्या प्रतीत त्या राहत नाहीत.

मग बघायचं की कुणाच्या मेलमध्ये चोर शिरला, तुमच्या की पार्टीच्या. पाठवणाऱ्याचा पत्ता एकेक अक्षर करत वाचा. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी ठेवले की घाईत फरक कळत नाही. पत्ता वेगळा असेल तरी आपली पेटी सुरक्षित असं समजू नका, कारण जुना मजकूर आणि बिल नंबर चोराला कुठूनतरी मिळाले होतेच. थंडरबर्ड बाजूला ठेवा आणि ब्राउझरमधून वेबमेल उघडा. तिथं ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ अशा दोन जागा आहेत. चोर एकदा आत आला की तिथं एक नियम लिहून ठेवतो आणि निघून जातो. थंडरबर्डमध्ये तो नियम दिसत नाही, कारण तो सर्व्हरवर असतो. पासवर्ड बदलला तरी तो चालूच राहतो.

आपण फोनवर बोलत असतानाच तुम्ही ते पान उघडलंत. फिल्टरमध्ये एक ओळ होती : ज्या मेलमध्ये ‘इन्व्हॉइस’ हा शब्द असेल, तो एका अनोळखी पत्त्यावर पाठवायचा. तुम्ही मला तो पत्ता वाचून दाखवलात, तेव्हा तुमचा आवाज कापत होता. आपण आधी त्या पानाचा फोटो काढला आणि मग ती ओळ काढली. तुमच्या अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवर ‘कनेक्शन सिक्युरिटी’पुढे ‘नन’ होतं आणि पासवर्ड २०१९ पासून तोच. चोर याच वाटेनं आला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, बनावट लॉगिन पानावर कुणी पासवर्ड टाकला असेल, तरीही हेच घडतं. पण ही वाट उघडी होती. आता सगळ्या कॉम्प्युटरवर ९९३ आणि ४६५ आहे, वेबमेलला दुसऱ्या पायरीचा कोड लागतो, आणि वायफाय पाहुण्यांसाठी वेगळं केलं आहे.

खातं बदलल्याचा मेल कुणाचाही असो, पैसे भरण्याआधी त्या पार्टीला फोन करायचा, आणि तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर. परवा तुम्ही सांगितलंत की सगळ्या पार्ट्यांचे नंबर आता अकाउंटंटच्या टेबलावरच्या काचेखाली लावले आहेत. त्याच कागदावर, सगळ्यांत वर, १९३० लिहून ठेवा.